पुराचं पाणी आत्ताच्या पावसाचंच असतं का?

‘आत्ता पडला तोच पाऊस वाहत नदीत आला, म्हणून पूर आला’ हे आपण शाळेपासून ऐकतो. झाडी आणि खोल माती असलेल्या बहुतेक खोऱ्यांत हे खरं नाही.

हे कळलं कसं? पाण्याच्या साधारण ५०० रेणूंमागे एकात नेहमीच्या ऑक्सिजन-१६ ऐवजी त्याचाच जड प्रकार, ऑक्सिजन-१८ असतो. तो किरणोत्सारी नाही, त्यामुळे टिकून राहतो. वाफ होताना हलके रेणू सहज निसटतात, पाऊस पडताना जड रेणू आधी खाली येतात. म्हणून प्रत्येक पावसात या जड ऑक्सिजनचं प्रमाण थोडं निराळं असतं, तर जमिनीत मुरलेल्या पाण्यात अनेक पावसांची सरासरी उतरते. पाऊस, भूजल आणि पूर या तिन्हींच्या पाण्यातलं हे प्रमाण मोजलं की पुरात नवं पाणी किती आणि जुनं किती, याचा हिशेब लागतो.

१९७०च्या दशकापासून असे हिशेब मांडले गेले, आणि अनेक लहान खोऱ्यांत पुराचं निम्म्याहून अधिक पाणी आधीच जमिनीत साठलेलं निघालं! नवा पाऊस मुरतो, भूजलाची पातळी चढते आणि जुनं पाणी नदीकडे ढकललं जातं. मला यातली सर्वांत विलक्षण गोष्ट ही वाटते की महिनोन् महिने मातीत थांबलेलं पाणी काही तासांत नदीत उतरतं.

काँक्रीटच्या शहरात किंवा उघड्या कातळावर मात्र ताजा पाऊसच धावतो. आणि पावसातलं व भूजलातलं जड ऑक्सिजनचं प्रमाण सारखंच निघालं, तर मोजणीची ही पद्धत चालत नाही.

शेतातलं नायट्रेट (खतांतही असणारं नत्राचं संयुग) पुरासोबत नदीत येतं, त्यामागेही बऱ्याचदा हेच मुरलेलं पाणी असतं.