श्रेणीकृत संमिश्र पदार्थ

श्रेणीकृत संमिश्र पदार्थ : ज्या संमिश्र पदार्थात घटकांचे प्रमाण किंवा अंतर्गत रचना एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे हळूहळू बदलत जाते आणि त्यामुळे कठीणपणा, उष्णतावहन, प्रसरण, अपवर्तनांक असे गुणधर्मही जागेनुसार बदलतात, तो पदार्थ. अभियंते त्याला फंक्शनली ग्रेडेड मटेरियल किंवा नुसते एफजीएम म्हणतात. थर प्लायवुडमध्येही असतात आणि कार्बन तंतू व इपॉक्सीच्या पत्र्यातही असतात. पण तिथे एक थर संपून दुसरा सुरू झाला की गुणधर्म एकदम बदलतात. हा एकदम होणारा बदल टाळणे हेच श्रेणीकृत पदार्थाचे प्रयोजन आहे.

सांधा का तुटतो हे एका उदाहरणावरून दिसते. पोलाद दर अंश सेल्सिअसला स्वतःच्या लांबीच्या सुमारे 12 दशलक्षांश वाढते, तर अॅल्युमिना हे सिरॅमिक सुमारे 8 दशलक्षांश. पोलादाच्या जाड ठोकळ्यावर अॅल्युमिनाचा पातळ थर घट्ट बसवला आणि दोन्ही 500 अंशांनी तापवले, तर पोलाद सिरॅमिकपेक्षा 0.2 टक्का जास्त लांब होऊ पाहते. आकडा किरकोळ वाटतो, पण अॅल्युमिना अतिशय ताठ आहे. तेवढे ताणले जाताना त्यात 760 मेगापास्कलच्या आसपास ताण निर्माण होतो आणि साधारण अॅल्युमिना 300 ते 400 मेगापास्कललाच तडकते. शिवाय सांध्याच्या उघड्या कडेला ताण एकवटतो, त्यामुळे थर तिथून उचलला जाऊ लागतो. मध्ये पोलाद आणि अॅल्युमिना यांच्या मिश्रणाचे पट्टे घातले, प्रत्येक पट्ट्यात पोलाद थोडे कमी आणि सिरॅमिक थोडे जास्त ठेवले, तर तोच फरक साऱ्या जाडीत वाटला जातो.

संमिश्रातील प्रमाण असे जाणूनबुजून बदलत नेण्याचा सैद्धांतिक विचार अमेरिकेत मायकल बेव्हर आणि पोल ड्युवेझ यांनी 1972 मध्ये मांडला होता. त्याला खरी चालना मिळाली ती जपानमध्ये. 1984 च्या सुमारास सेंदाई परिसरातील संशोधक अवकाशविमानासाठी उष्णतारोधक कवच शोधत होते. बाहेरचा पृष्ठभाग 2000 केल्विनपर्यंत तापणार, आतला त्याहून 1000 केल्विनने थंड राहिला पाहिजे आणि जाडी अवघी 10 मिलिमीटर, अशी अट होती. एकटा धातू वितळला असता, एकटे सिरॅमिक तडकले असते. म्हणून बाहेर सिरॅमिक, आत धातू आणि मध्ये कुठेही सीमा नाही, अशी कल्पना पुढे आली. 1987 मध्ये तिथे राष्ट्रीय संशोधन कार्यक्रम सुरू झाला आणि 1990 मध्ये सेंदाईलाच या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ते अवकाशविमान उडाले नाही, पण त्यासाठी घडलेली कल्पना जगभर पसरली.

निसर्गात ही रचना सर्रास आढळते. बांबूचा आडवा छेद घेतला तर सालीकडे तंतूंचे ठिपके दाटीने बसलेले दिसतात आणि पोकळीकडे ते विरळ होत जातात. बाहेरच्या कडेला तंतूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक असते, आतल्या कडेला ते 20 टक्क्यांच्याही खाली येते. वाऱ्याने बांबू वाकतो तेव्हा सर्वांत जास्त ताण बाहेरच्या बाजूला येतो, म्हणजे गरज आहे तिथेच बळ आहे. सूप-टोपल्या विणणाऱ्या बुरुडांना हे हाताने कळलेले असते. मजबुती हवी तिथे ते सालीकडची कामटी वापरतात. दातात वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असलेले एनॅमल आणि त्याखालचे मऊ दंतिन एका श्रेणीकृत पट्ट्याने जोडलेले असतात. हम्बोल्ट स्क्विडची चोच तर थक्क करणारी आहे. तिचे टोक भक्ष्य चिरण्याइतके कठीण आणि मूळ आजूबाजूच्या स्नायूंशी जुळवून घेण्याइतके मऊ असते. ताठपणात सुमारे शंभरपट फरक, तोही धातू किंवा खनिज न वापरता, केवळ कायटिन, प्रथिने आणि पाणी यांचे प्रमाण बदलून साधलेला.

माणसाने केलेल्या श्रेणीकृत वस्तूंपैकी सर्वांत जास्त वापरातली वस्तू मात्र या नावाने ओळखली जात नाही. ती म्हणजे केस हार्डनिंग केलेला, म्हणजे फक्त बाहेरचे कवच कठीण केलेला गिअर. काटेकोर अर्थाने तो संमिश्र नाही, पण तत्त्व तेच आहे. भोसरी, चाकण आणि कोल्हापूर या पट्ट्यांतल्या हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यांत हे काम रोजचे आहे. सुमारे 0.2 टक्के कार्बन असलेल्या पोलादाचा, बहुधा 20एमएनसीआर5 जातीचा, गिअर 900 ते 950 अंश तापमानाला कार्बनयुक्त वायूत कित्येक तास ठेवतात. कार्बन पृष्ठभागातून आत झिरपतो. पृष्ठभागाशी तो 0.8 टक्क्याच्या आसपास पोचतो आणि आत जाताना कमी होत मूळ प्रमाणाला मिळतो. मग गिअर तेलात बुडवून झटकन थंड करतात. कार्बन जास्त असलेल्या भागाचे मार्टेन्साइट या पोलादाच्या अतिकठीण रूपात रूपांतर कमी तापमानाला, म्हणजे गाभ्यानंतर होते आणि रूपांतर होताना तो भाग फुगतो. आधीच घट्ट झालेला गाभा त्याला पसरू देत नाही, म्हणून पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. दात हजारो वेळा वाकले तरी त्यामुळे तडा सहज सुरू होत नाही.

ही श्रेणी तपासण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. नमुन्याचा दात कापून बेकेलाइटमध्ये बसवतात, आरशासारखा पॉलिश करतात आणि कडेपासून आत ठरावीक अंतराने हिऱ्याच्या टोकाचे लहान ठसे उमटवत जातात. प्रत्येक ठशाचा कर्ण सूक्ष्मदर्शकातून मोजून कठीणपणा काढतात. तो उतरत उतरत 550 विकर्सवर (विकर्स हे कठीणपणाचे माप) येतो ती खोली म्हणजे केस डेप्थ, कठीण कवचाची जाडी. वाहनांच्या गिअरमध्ये ती 1 मिलिमीटरच्या आसपास असते.

लेथवर धातू कापण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कार्बाइड इन्सर्टमध्येही, म्हणजे हत्याराच्या बदलता येणाऱ्या टोकातही, अशीच एक श्रेणी असते. टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्टने बांधलेले असतात. कोबाल्ट वाढवला की इन्सर्ट चिवट होतो पण लवकर झिजतो. म्हणून वरच्या कठीण लेपाखाली 10 ते 30 मायक्रोमीटर जाडीचा जास्त कोबाल्टचा पट्टा ठेवतात. लेपात पडलेला तडा तिथे अडतो. हा पट्टा कोणी थर रचून करत नाही. मिश्रणात टायटॅनियमचे थोडे नायट्रोजनयुक्त संयुग घालून निर्वात भट्टीत भाजले की पृष्ठभागातून नायट्रोजन निघून जातो, टायटॅनियम आत सरकते आणि त्याची जागा कोबाल्ट घेतो. ज्या श्रेणी अशा विसरणातून, म्हणजे अणू हळूहळू सरकत गेल्याने, आपोआप घडतात, त्याच कारखान्यात सर्वांत चांगल्या टिकल्या आहेत असे या विषयाचा इतिहास पाहता म्हणावे लागते.

याला ठळक अपवाद ग्रेडेड-इंडेक्स प्रकाशीय तंतूचा. त्याच्या 50 मायक्रोमीटर व्यासाच्या गाभ्यात अपवर्तनांक मध्यभागी सर्वाधिक असून कडेकडे जवळजवळ अन्वस्ताच्या वक्राप्रमाणे उतरतो. मधून जाणारा प्रकाश जवळच्या वाटेने पण हळू जातो, कडेने वळसे घेणारा लांबच्या वाटेने पण वेगाने जातो आणि दोघे जवळपास एकाच वेळी पोचतात. हे साधण्यासाठी फिरत्या सिलिका नळीच्या आतून वायू सोडून काचेचे पातळ थर एकावर एक चढवतात आणि प्रत्येक फेरीत जर्मेनियमचे प्रमाण किंचित वाढवतात. नंतर नळी तापवून भरीव दांडा करतात आणि त्यातून तंतू ओढतात. इथे थर मुद्दाम रचलेले असले तरी घटक सगळे काचेचेच असतात, एकमेकांशी भांडत नाहीत.

धातू आणि सिरॅमिक यांची श्रेणी करायची तर वाटा निराळ्या आहेत. वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळलेली पावडर साच्यात थरांनी भरून दाबाखाली भाजतात किंवा प्लाझ्मा फवारणीत, म्हणजे अतितप्त वायूच्या झोतातून पावडर फवारताना, दोन पावडरींचा पुरवठा बदलत नेतात. अपकेंद्री ओतकामात वितळलेल्या अॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळून साचा वेगाने फिरवतात. कणांची घनता सुमारे 3.2 आणि द्रव धातूची 2.4, म्हणून कण बाहेरच्या बाजूला जमतात. तिरुवनंतपुरमच्या सीएसआयआर-एनआयआयएसटी या प्रयोगशाळेने या पद्धतीवर बरेच काम केले आहे.

जेट इंजिनाच्या टर्बाइन पात्यावर ही कल्पना सहज लागू पडेल असे वाटत होते, कारण तिथे निकेल मिश्रधातूवर झिर्कोनिया या सिरॅमिकचा लेप असतोच. प्रत्यक्षात अडचण आली. तापलेल्या झिर्कोनियातून ऑक्सिजन सहज पार होतो, त्यामुळे मिश्र पट्ट्यातले धातूचे कण ऑक्सिडीभूत होऊन फुगतात आणि लेप आतूनच फोडतात. म्हणून इंजिनांत अजूनही धातूचा पातळ बंधक थर आणि त्यावर सिरॅमिक अशी सीमा असलेलीच रचना वापरतात. पात्यांवर सिरॅमिक सुट्या स्तंभांच्या रूपात वाढवतात, म्हणजे ते धातूबरोबर थोडे फाकू शकते.

गणिती बाजूही सोपी नाही. सिरॅमिकचे प्रमाण बहुधा घातनियमाने मांडतात : धातूच्या पृष्ठापासूनचे अंतर भागिले एकूण जाडी, त्याचा ठरावीक घात. घात 1 असेल तर बदल सरळ रेषेत होतो. त्याहून मोठा असेल तर पदार्थ धातूप्रधान राहतो. यांत्रिकीचे अभ्यासक जे. एन. रेड्डी यांनी 2000 साली अशा पदार्थाच्या पट्टांच्या (सपाट प्लेटींच्या) विश्लेषणाची मांडणी केली, ती आजही पायाभूत मानली जाते. या पट्टाचे उदासीन प्रतल, म्हणजे वाकताना न ताणले न दाबले जाणारे प्रतल, मध्यावर नसते आणि दोन्ही बाजूंचे प्रसरण वेगळे असल्याने सगळीकडे सारखा तापवला तरी तो वाकतो.

लेसरने धातूची पावडर वितळवून थर चढवणाऱ्या यंत्रांमुळे आता एकाच भागात एका मिश्रधातूतून दुसऱ्यात जाता येते, पण सरळ वाट नेहमी चालत नाही. टायटॅनियमकडून स्टेनलेस पोलादाकडे थेट गेल्यास मध्ये लोह आणि टायटॅनियमची ठिसूळ संयुगे तयार होऊन भाग तडकतो. त्यावर तोडगा म्हणून आधी टायटॅनियमपासून व्हॅनेडियमपर्यंत आणि मग तिथून पोलादापर्यंत अशी वळणाची वाट घेतात. दुसऱ्या टप्प्यातही व्हॅनेडियम आणि लोह यांची सिग्मा नावाची ठिसूळ प्रावस्था वाटेत येते. ती टाळता येईल असे प्रमाण आधी प्रावस्था आलेखांवरून, म्हणजे कोणत्या प्रमाणाला आणि तापमानाला कोणती रचना तयार होते ते दाखवणाऱ्या आलेखांवरून, शोधून मगच पावडरीचे मिश्रण ठरवावे लागते.