स्टारलाइनर की स्टारलाइट? फोटो पाठवण्याआधी एवढं वाचा

स्टुडबेकर या जुन्या अमेरिकन कंपनीच्या कूपसाठी, म्हणजे दोन दारांच्या गाडीसाठी, आठवड्यातून एकदा तरी असा फोन येतो : "१९५३ ची स्टुडबेकर कूप मिळतेय, फोटो टाकलेत, घेऊ का सांगा." फोटो उघडावे तर दहा-बारा असतात आणि सगळे बाहेरून काढलेले. लांब नाक, मागे उतरत गेलेलं छत, ताजा लाल रंग. गाडी देखणी आहे यात वाद नाही, पण एवढ्यावरून ती घ्यावी की नाही हे आम्हाला सांगता येत नाही. शिकागो आणि आसपासच्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी आम्ही गाडी घेण्याआधीची तपासणी करतो. त्या कामातला निम्मा वेळ ज्या एका चुकीपायी जातो, ती इथे सांगतो.

आधी थोडं गाडीविषयी. स्टुडबेकर बंधूंनी १८५२ मध्ये इंडियानातल्या साउथ बेंडला लोहारकाम आणि घोडागाड्यांचं दुकान टाकलं. कंपनीची शंभरी भरली आणि पुढच्याच वर्षी ही कूप बाजारात आली. लोक तिला 'लोवी कूप' म्हणतात, कारण काम रेमंड लोवी यांच्या स्टुडिओचं होतं. रेषा मात्र मुख्यतः त्याच स्टुडिओतल्या रॉबर्ट बर्क यांच्या हातच्या, म्हणून आम्ही ग्राहकांना दोन्ही नावं सांगतो. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, १२०.५ इंच आणि उंची जेमतेम ५६ इंचांच्या आसपास. डेट्रॉइटच्या मोठ्या कंपन्यांच्या गाड्या तेव्हा उंच, फुगीर आणि क्रोमने मढलेल्या असायच्या. त्यांच्या शेजारी ही जमिनीला लागून बसलेली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५३ मध्ये दहा मोटारींचं प्रदर्शन भरवलं, त्यात ही होती.

सेडान जास्त खपतील असा कंपनीचा अंदाज होता, मागणी आली ती कूपला. त्यात सुरुवातीला पुढचा पत्रा चासीवर नीट बसेना, गाड्या वेळेवर निघेनात. त्याच सुमारास फोर्ड आणि शेवरोलेची विक्रीची चढाओढ पेटली आणि छोट्या कंपन्या मधल्यामध्ये भरडल्या गेल्या. १९५४ मध्ये स्टुडबेकर पॅकार्ड या दुसऱ्या अमेरिकन मोटार कंपनीबरोबर एकत्र झाली. साउथ बेंडमधलं मोटारींचं उत्पादन १९६३ च्या डिसेंबरात थांबलं. हे वाचताना मला आजही वाईट वाटतं.

आता मुद्द्यावर येतो. जाहिरातीत प्रत्येक कूपला 'स्टारलाइनर' म्हणतात, आणि ग्राहक तेच धरून बयाणा देऊन मोकळे होतात. कूपचे प्रकार दोन. स्टारलाइनर म्हणजे हार्डटॉप : काचा खाली केल्या की पुढच्या काचेच्या खांबापासून मागपर्यंत सगळं मोकळं. स्टारलाइटला दाराच्या मागे बारीक खांब असतो आणि तो काच खाली केली तरी जागेवरच राहतो. काचा वर असताना लांबून काढलेल्या फोटोत हा फरक कळत नाही. संग्राहक स्टारलाइनरसाठी जास्त मोजतात, म्हणून आम्ही चारही काचा खाली करून काढलेला फोटो मागतो.

दुसरा फोटो बॉडी नंबरच्या पाटीचा. बोनेट उघडल्यावर इंजिनामागच्या पत्र्यावर ती छोटी धातूची पाटी दिसते. ही कूप चॅम्पियन आणि कमांडर अशा दोन मॉडेलांत यायची : १९५३ ची चॅम्पियन असेल तर पाटीवर १४जी आणि कमांडर असेल तर ४एच. त्यापुढे सी असेल तर खांबाची कूप, के असेल तर हार्डटॉप. चॅम्पियनमध्ये १६९.६ घन इंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन, ८५ अश्वशक्तीचं. कमांडरमध्ये २३२.६ घन इंचांचं व्ही-८, १२० अश्वशक्तीचं. बोनेटवरचं व्ही-८ चं चिन्ह कुणीही बसवू शकतं. गेल्या हिवाळ्यात एका ग्राहकासाठी आम्ही चार तास बर्फातून गाडी चालवत गेलो. चिन्ह व्ही-८ चं, पाटी चॅम्पियनची. फोटो आधी आला असता तर त्यांचे पैसे आणि आमचा दिवस, दोन्ही वाचले असते.

काही जण विचारतात, "काका, फोनवर किंमत सांगायला काय हरकत आहे?" हरकत अशी की या गाडीची खरी परीक्षा ती जॅकवर घेतल्यावरच होते. या कूपची चासी लवचिक आहे. आम्ही आधी चाकांवर उभ्या गाडीचं दार उघडून-लावून बघतो, मग पुढून उचलून पुन्हा लावतो. दार घासायला लागलं, वरची फट बोटभर आणि खालची नखाएवढी झाली, की चासी किंवा खालचा पत्रा गेलाय असं समजायचं. पुढच्या मडगार्डवर हेडलाइटच्या मागे आतून गंज धरतो आणि वरून पुट्टी मारलेली असते. पुट्टीवर चुंबक चिकटत नाही, म्हणून तिथे तो लावून बघावाच लागतो. म्हणून आम्ही फी आधी घेतो आणि विकणाऱ्याकडून एक पैसाही घेत नाही. आमचा सल्ला 'घेऊ नका' असा असला तरी फी तेवढीच.

गाडी चांगली निघाली तर मात्र बिनधास्त घ्या. त्या काळच्या इतर नावाजलेल्या कूपच्या मानाने ती अजून आवाक्यात आहे, व्ही-८ चे बरेच भाग कंपनीने पुढे कित्येक वर्षं वापरल्यामुळे सुटे भाग मिळतात आणि मालकांचा क्लब मदतीला तत्पर असतो. ब्रेक, वायरिंग, पत्र्याचं काम आमच्याकडे होतं. फक्त बॅटरी सहा व्होल्टची आणि पॉझिटिव्ह अर्थची (म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं) आहे हे लक्षात ठेवा. आजच्या गाडीवरून जंप देऊ नका.

पाटीवर रंग चढला असेल तर ती घासू नका, अक्षरं पुसली जातात. ओल्या फडक्याने पुसा, टॉर्च बाजूने तिरकी धरा, उठावाची सावली पडली की फोटो काढा. मग फोन करा.