जुन्या हवाई फोटोंवरून किनारा किती सरकला हे कसे काढतात
(कोकणातील वाडीमालक, ग्रामपंचायती, हॉटेलचालक आणि वास्तुविशारदांसाठी माहितीपत्रक)

आम्ही जुने-नवे फोटो ताडून किनाऱ्याचे नकाशे काढतो. हे काम घेऊन येणारे बहुतेकजण एकच विचारतात: समुद्राने आमची किती जागा खाल्ली? उत्तर मीटरमध्ये देता येते. मात्र त्या आकड्याला शेपूट असते, ‘अधिक-उणे इतके’. ते शेपूट न जोडता कोणी नकाशा दिला तर तो घेऊ नका, आमच्याकडूनसुद्धा. किती मीटर हे ज्या रेषांवरून ठरते त्या रेषांना जाडी असते. ती कुठून येते आणि कमी कशी करता येते, हे इथे सांगितले आहे.

आधी ठरवा: किनारा म्हणजे कोणती रेषा?

पाण्याची कड आम्ही कधीच किनारा म्हणून काढत नाही. समजा पुळणीचा उतार ५० ला १ आहे, म्हणजे एक मीटर उंची चढायला ५० मीटर चालावे लागते. दोन फोटोंच्या वेळी भरतीच्या पातळीत एका मीटरचा फरक असेल तर पाण्याची कड ५० मीटर इकडची तिकडे होते. वाळूचा एक कणही हललेला नसतो, तरी नकाशावर ‘५० मीटर धूप’ दिसते. मुंबईकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, दक्षिण कोकणात तो बराच कमी असतो. त्यामुळे ही चूक उत्तरेला जास्त महागात पडते.

दुसरी रेषा ओल्या आणि कोरड्या वाळूच्या सीमेची. शेवटची भरती जिथपर्यंत आली तिथपर्यंत वाळू गडद दिसते. जगभर हीच रेषा जास्त वापरली जाते आणि ती पाण्याच्या कडेपेक्षा पुष्कळ स्थिर असते. पण उधाणाच्या भरतीनंतरचा फोटो आणि भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या लहान) भरतीनंतरचा फोटो यांत तीही सरकते.

आमची पहिली पसंती झाडोऱ्याच्या कडेला असते. कोकणच्या पुळणीवर समुद्राकडून येताना पहिली भेटते ती मर्यादवेल. नाव ठेवणाऱ्याने किनाऱ्याचा सर्व्हेच करून ठेवला आहे. तिच्यामागे केवडा, मग सुरू किंवा माड. कृष्णधवल फोटोत कोरडी वाळू पांढरी असते, मर्यादवेलीचा पट्टा मध्यम करडा आणि ठिपकेदार, सुरूची बने जवळजवळ काळी. ही कड भरतीने रोज बदलत नाही. लाटा वर्षानुवर्षे आत येऊ लागल्या तरच ती मागे हटते.

तरी दोन ठिकाणी ती फसवते. सुरूची लागवड पुळणीवर पुढे सरकवून केलेली असेल तर हिरवी कड समुद्राकडे जाते आणि वाटते, किनारा वाढला. झाडे ओळीत उभी असली की लागवड ओळखता येते, म्हणून तेवढ्या भागात आम्ही ही रेषा वापरत नाही. दुसरे कारण वादळ. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडे वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. त्यानंतरच्या चित्रात झाडोऱ्याची कड मागे दिसते, पण झाडे वाऱ्याने पडलेली असतात. त्यांच्याखालची जमीन लाटांनी नेलेली असतेच असे नाही.

खाडीत ‘तिवरांची कड’ आणि कड्याच्या किनाऱ्यावर ‘कड्याची वरची धार’ असे स्पष्ट लिहूनच रेषा काढतो. दगडी धूपप्रतिबंधक बंधारा असेल तिथे बंधाऱ्याची वरची कड हाच किनारा. तिथे बदलाचा वेग शून्य येतो आणि मालक निश्चिंत होतो. मात्र बंधाऱ्यासमोरची पुळण खाली जात असू शकते आणि टोकापाशी शेजाऱ्याची जागा तुटत असू शकते. तो शून्य दगडांचा आहे, समुद्राचा नव्हे.

फोटो कोणते मिळतात

भारतीय सर्वेक्षण विभागाकडे जुनी हवाई छायाचित्रे असतात. ती हेतू लिहून, अर्ज करून मागावी लागतात आणि संवेदनशील भागाची मिळत नाहीत. अर्ज ग्राहकाच्या नावाने जातो. वेळ लागतो, तो धरूनच चला.

दुसरा साठा अमेरिकेच्या कोरोना उपग्रहांचा. रोगाशी संबंध नाही, नाव तेवढे सारखे. १९६० ते १९७२ या काळात हेरगिरीसाठी काढलेली ही फिल्म १९९५ मध्ये खुली झाली आणि अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावरून मागवता येते. शेवटच्या पिढीतल्या केएच-४बी कॅमेऱ्याच्या फिल्मवर सुमारे १.८ मीटरचा तपशील दिसतो. हा कॅमेरा फिरत्या भिंगाचा असल्याने पट्टीच्या टोकांकडे चित्र ताणलेले असते. साध्या पद्धतीने ते नकाशावर बसत नाही, तुकडे करून बसवावे लागते.

लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रे आता फुकट मिळतात, पण त्यांतला एक ठिपका जमिनीवर सुरुवातीच्या चित्रांत ८० मीटरचा आणि नंतरच्या चित्रांत ३० मीटरचा असतो. दहा किलोमीटरचा किनारा बघायला ती छान. तुमच्या साठ मीटर रुंदीच्या वाडीला काही उपयोग नाही.

गूगल अर्थवर मागची वर्षे सरकवून बघणारे खूप असतात. तसे बघाच, पण एक परीक्षा घ्या. अंगणातल्या विहिरीवर खूण ठेवा आणि तारखा बदला. विहीर खुणेवरून चार-पाच मीटर हललेली दिसली, तर तेवढाच हललेला किनारा हा पुरावा होत नाही.

स्कॅनिंग

हवाई फोटोची एक फ्रेम २३ सेंटिमीटर चौरस असते. १:२५,००० प्रमाणाच्या फ्रेममध्ये पावणेसहा किलोमीटर लांबी-रुंदीचा भाग येतो. १२०० डीपीआयला (एका इंचात १२०० ठिपके) स्कॅन केले तर एक ठिपका जमिनीवर सुमारे ५३ सेंटिमीटरचा होतो, १८०० ला ३५ सेंटिमीटरचा. त्यापुढे फिल्मचे दाणेच मोठे होऊन दिसतात, माहिती फारशी वाढत नाही.

कागदी प्रत असेल तर ती मोबाइलने फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवू नका. भिंग चित्र वाकवते, ॲप तपशील खाते. लॅमिनेट करू नका, फ्रेम करून लावलेली असेल तर चिकटवलेला कागद ओढून काढू नका. कडेची पट्टी तर मुळीच कापू नका. तिच्यावर फ्रेम क्रमांक, कॅमेऱ्याचे नाभीय अंतर (भिंगापासून फिल्मपर्यंतचे अंतर), उंचीमापक आणि बऱ्याचदा घड्याळ असते. त्या घड्याळावरून त्या क्षणी भरती कुठे होती ते काढता येते. चार बाजूंच्या किंवा कोपऱ्यांतल्या बारीक खुणांवरून फिल्म किती आकसली ते समजते. कडा कापलेला फोटो चालतो, पण त्याची ‘अधिक-उणे’ वाढते.

फोटो जमिनीवर बसवणे

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यात जास्त कामे इथेच बिघडतात.

जुन्या फोटोत दिसणारी आणि आजही जागेवर असलेली ठिकाणे शोधायची आणि तिथे डीजीपीएसने (साध्या जीपीएसपेक्षा बराच अचूक जीपीएस) मोजायचे. त्या बिंदूंवर फोटो बसवणे म्हणजे जुळवणी. देऊळ चांगले वाटते, पण कोकणात बहुतेक देवळांचा जीर्णोद्धार झालेला आहे; सभामंडप पुढे आला, कोपरा हलला. रस्त्याचे तिठे रुंद झाले. सर्वात भरवशाची विहीर. तीन मीटर व्यासाची विहीर १:२५,००० च्या फोटोवर जेमतेम ०.१२ मिलिमीटरची असते. १२०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये तिचे सहा ठिपके होतात: मध्ये काळा, भोवती कठड्याची फिकट कडा. तेवढ्यावरून तिचा मध्य अर्ध्या-एक ठिपक्यापर्यंत पकडता येतो. विहिरीखालोखाल जांभ्याच्या गडग्यांचे जुने कोपरे आणि किल्ल्यांचे बुरूज.

एका फ्रेमला आम्ही किमान १२ बिंदू घेतो आणि शिवाय चार-पाच वेगळे ठेवतो. ते जुळवणीत वापरायचे नाहीत, फक्त तपासणीला. हे का? जुळवणीतल्या बिंदूंची सरासरी चूक कमी दाखवणे अगदी सोपे असते. तिसऱ्या घाताच्या समीकरणाला दहा बिंदू लागतात. बरोबर दहाच दिले की चूक शून्य येते, कारण चित्र रबरासारखे ओढून त्या दहांवर चपखल बसवलेले असते. बाकी ठिकाणी ते कुठेही असू शकते. आणि किनाऱ्याच्या फोटोत निम्मे पाणी! सगळे बिंदू जमिनीकडे, म्हणजे ज्या कडेला मोजायचे त्याच कडेला आधार नाही. म्हणून समुद्रातला कायमचा खडक, जलदुर्गाचा तट असे काही मिळाले तर होडी करून जावे लागले तरी आम्ही ते मोजतो.

जुन्या टोपोशीटवरचे (सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरचे) अक्षांश-रेखांश आजच्या जीपीएसमध्ये जसेच्या तसे टाकू नयेत. दोघांनी धरलेला पृथ्वीचा आकार वेगळा आहे, जुना ‘एव्हरेस्ट’ नावाचा आणि नवा ‘डब्ल्यूजीएस-८४’ नावाचा. रूपांतर न करता टाकले तर कोकणात शंभरेक मीटरची चूक होते.

उंच जागा बाहेर झुकते

हवाई फोटो हा नकाशा नसतो. त्यात उंच वस्तू फोटोच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला कललेली दिसते. हिशेब सोपा: मध्यापासूनचे अंतर गुणिले वस्तूची उंची, भागिले विमानाची उंची. १५२ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने १:२५,००० चा फोटो म्हणजे विमान सुमारे ३८०० मीटरवर. मध्यापासून ८० मिलिमीटरवर ३० मीटर उंच सड्याची (जांभ्याच्या पठाराची) धार असेल तर ती फोटोत ०.६३ मिलिमीटर सरकते, जमिनीवर जवळजवळ १६ मीटर. पंधरा मीटरचा माड आठ मीटर कलतो आणि त्याच्या झावळ्या पुळणीवर पडल्यासारख्या दिसतात.

सपाट पुळणीला साधी जुळवणी पुरते. कड्याच्या किनाऱ्याला पुरत नाही. तिथे एकमेकांवर ६० टक्के चढलेले दोन-तीन फोटो घेऊन उंचीसह दुरुस्त चित्र तयार करावे लागते. त्याचे काम आणि खर्च दोन्ही जास्त. कड्यावरच्या बंगल्यासाठी कोणी एकाच फोटोवर भागवत असेल तर कसे, ते जरूर विचारा.

जाडीचा हिशेब

एका साध्या पुळणीचा नमुना घेऊ. जुना फोटो: ठिपका ०.५ मीटर, जुळवणी ४ मीटर, हाताने रेषा काढण्यातला फरक २ मीटर, ओल्या-कोरड्या सीमेची अनिश्चितता ५ मीटर. या चुका बेरजेने वाढत नाहीत. प्रत्येकीचा वर्ग करून, बेरीज करून वर्गमूळ काढतात. उत्तर ६.७ मीटर. आजच्या ड्रोन मोजणीत याच रेषेची जाडी साधारण ३ मीटर. दोन्ही मिळून ७.४ मीटर.

म्हणजे साठ मीटर दर्शनी रुंदीच्या वाडीत किनारा १२ मीटर आत आला, तर क्षेत्र ७२० चौरस मीटर, सुमारे ७.१ गुंठे. पण प्रामाणिकपणे लिहायचे तर ‘पावणेतीन ते साडेअकरा गुंठ्यांच्या दरम्यान’. आकडा ऐकून निराशा होते हे खरे. झाडोऱ्याची कड स्वच्छ मिळाली तर हा पट्टा बराच अरुंद होतो, म्हणूनच रेषेच्या निवडीवर आम्ही इतके अडून बसतो.

वेगाच्या बाबतीत काळ मदत करतो. तीच ७.४ मीटरची जाडी ५० वर्षांत वाटली तर दरसाल १५ सेंटिमीटर, आठ वर्षांत वाटली तर ९० सेंटिमीटरहून जास्त. वाईट दर्जाचे सात फोटो गोळा करण्यापेक्षा दूर-दूरच्या काळातले तीन चांगले फोटो घ्या.

ऋतूही सांभाळावा लागतो. पावसाळ्यात लाटा वाळू खेचून उथळ पाण्यात नेतात, दिवाळीनंतर ती हळूहळू परत येते. मे महिन्यातली पुळण सप्टेंबरातल्या पुळणीशी ताडून पाहिली तर दरवर्षी होणारी ये-जा धूप म्हणून मोजली जाईल. हवाई फोटो बहुधा स्वच्छ आकाशाच्या महिन्यांतले असतात, त्यामुळे आजची मोजणीही आम्ही त्याच महिन्यांत ठेवतो. ऑगस्टमध्ये घाई केली तरी ड्रोन उडणार नाही.

रेषा तयार झाल्या की जमिनीकडे एक आधाररेषा धरून दर २० ते २५ मीटरवर आडवे छेद टाकतो आणि प्रत्येक छेदावर किनारा किती सरकला ते मोजतो. सरळ पुळणीवर हे उत्तम चालते. खाडीच्या मुखाशी मात्र छेद एकमेकांना कापतात. मालवणजवळच्या देवबागसारख्या दांड्यावर (वाळूच्या अरुंद पट्टीवर), जिथे एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र आहे, तिथे एकच छेद किनाऱ्याला दोनदा भेटतो. अशा जागी छेद सोडून क्षेत्रफळ ताडून पाहतो.

हा नकाशा कुठे चालत नाही

सीआरझेडची (किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांतली) भरतीरेषा ही आमची रेषा नव्हे. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ती रेषा चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारी व्यवस्थापन केंद्राने आखलेली असते आणि बांधकामाचे अंतर तिच्यापासूनच मोजतात. सातबाऱ्यावरचे क्षेत्र बदलण्याचा अधिकार महसूल आणि भूमी अभिलेख खात्याचा. आमचा नकाशा अर्जासोबत आधार म्हणून जोडता येतो. आणखी वीस वर्षांनी समुद्र कुठे असेल हे सांगायला तो वापरू नका. शेजारी नवा बंधारा किंवा जेटी झाली, खाडीचे मुख सरकले, की मागचा वेग गेला.

येताना काय आणावे

मोजणीची ‘क’ प्रत, सातबारा, गटनकाशा आणि जागेचा एखादा जीपीएस बिंदू. घरातले जुने फोटोही आणा. लग्नातला किंवा सहलीचा, ज्यात मागे किनारा, विहीर, गडगा किंवा ओळखीचा खडक दिसतो असा. त्यावरून मोजमाप होत नाही, पण हवाई फोटोत करडा डाग म्हणजे मर्यादवेल की ओली वाळू, हा वाद त्यातून सुटतो. फोटोच्या मागे तारीख किंवा स्टुडिओचा शिक्का असेल तर पाठही दाखवा.