मांजर देऊन टाकायच्या आधी त्याचं मूत्राशय समजून घ्या

उन्हाळा तोंडावर आला की सोलापुरात ओळखीपाळखीतून एक विचारणा हमखास यायला लागते, "मांजर द्यायचंय, कुणाला पाहिजे का?" कारण विचारलं तर बहुतेक वेळा तेच, घरभर मुततंय. गादीवर, धुतलेल्या कपड्यांवर, पोरांच्या दप्तरावर. आणि पाठोपाठ ठाम निदान, "मुद्दाम करायलंय बघा ते, रागावलं की सूड काढतंय." मी प्राणिशास्त्र शिकवतो म्हणून लोक माझ्याकडे येतात, आणि ही सूडाची गोष्ट ऐकली की मला खरंच वाईट वाटतं, कारण मांजर ठेवायचं की द्यायचं हा एवढा मोठा निर्णय त्या एका चुकीच्या समजुतीवर होऊन जातो.

पहिल्यांदा बघायचं ते एवढंच, की मांजर उभं राहून करतंय की बसून. उभं आहे, शेपटी ताठ वर, तिचं टोक थरथरतंय, आणि मागे भिंतीवर किंवा दाराच्या चौकटीवर पिचकारी मारतंय, तर ती हद्दीची खूण आहे. बोक्याच्या मुतात फेलिनिन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, ते मोडून गंधक असलेली संयुगं तयार होतात आणि तोच तो डोकं उठवणारा वास. नसबंदीचं ऑपरेशन केलं की दहातल्या साधारण नऊ बोक्यांचं हे थांबतं नाहीतर खूप कमी होतं, त्यासाठी मांजर द्यायची काही गरज नाही.

बसून करत असेल तर मात्र नीट लक्ष द्या. सोलापूरच्या पूर्व भागात एक घर आहे, खाली यंत्रमाग आणि वर राहायला, त्यांचं मांजर टॉवेलच्या थप्पीवर करायचं. मी बघत होतो तेव्हा ते थप्पीवर चढलं, बसलं, पाठ वाकवून जोर लावला, दोन थेंब पडले, उठलं, हातभर पुढं जाऊन परत बसलं, परत दोन थेंब, आणि मग खालची जागा चाटत बसलं. पांढऱ्या टॉवेलवर डाग फिकट गुलाबी होता. सूड घेणारा प्राणी असं दोन-दोन थेंब कण्हत करत नाही हो, त्याला दुखत असतं.

ह्या आजाराला फेलाइन इडिओपॅथिक सिस्टायटिस म्हणतात, म्हणजे नेमकं कारण न सापडणारी मांजराच्या मूत्राशयाची सूज, ह्यात जंतू सापडत नाहीत, खडाही नसतो. दहा वर्षांच्या आतल्या मांजरांना लघवीचा त्रास होतो त्यातल्या निम्म्याहून जास्त केसेस ह्याच असतात, जंतूंमुळे होणारा त्रास ह्या वयात क्वचित, म्हणून उठसूट अँटिबायोटिक देऊन काही साधत नाही. मूत्राशयाच्या आतल्या बाजूला ग्लायकोसअमिनोग्लायकॅन ह्या लांबलचक नावाच्या रेणूंचा पातळ थर असतो, मागावर चढवायच्या आधी सुताला खळ लावतात ना, की घासून तुटू नये, तसाच हा थर आतल्या पेशींना मुतापासून सांभाळतो. ह्या मांजरांत तो विरळ झालेला असतो, मग मुतातलं पोटॅशियम आणि इतर क्षार खालपर्यंत झिरपतात आणि तिथल्या वेदनेच्या नसांना टोचतात, त्या नसा मेंदूला दुखल्याचा निरोप तर देतातच पण उलट्या दिशेनं स्वतःच सब्स्टन्स पी नावाचं रसायन मूत्राशयाच्या भिंतीत सोडतात, त्यानं रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, सूज वाढते, थर अजून खराब होतो, की परत तेच.

आता ह्यात ताण कुठं आला? मेंदूच्या बुडाशी लोकस सेरुलियस म्हणून एक छोटासा भाग आहे, धोका जाणवला की तो जागा होतो, त्याच्यातून शरीराला धोक्यासाठी सज्ज करणारी सिंपथेटिक चेतासंस्था चालू होते, नॉरअॅड्रेनालिन नावाचं तिचं रसायन वाढतं, मूत्राशयाच्या नसा जास्तच हळव्या होतात. एरवी मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीतलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक ह्या सगळ्याला आवर घालतं, पण ह्या मांजरांत तेच कमी पडतं, काहींच्या तर ग्रंथीच आकारानं लहान आढळल्यात. म्हणजे उत्तेजन पूर्ण आणि आवर अर्धवट. अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत टोनी बफिंग्टन ह्यांनी ह्यावर आयुष्यभर काम केलं, त्यांच्या गटाच्या 2011 सालच्या अभ्यासात 77 आठवडे आजारी आणि निरोगी अशी दोन्ही मांजरं पाहिली, तर खाण्याची वेळ बदलली, सांभाळणारा माणूस बदलला की निरोगी मांजरंसुद्धा ओकायला, जेवण सोडायला, शी-शूच्या वाळूच्या डब्याबाहेर घाण करायला लागली.

आता आपल्याकडचं बघा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला घरभर पाहुणे, खाली मागांची खटखट, मे महिन्यात चाळीसच्या वर पारा, नळाला पाणी रोज येत नाही म्हणून पिंपांना झाकणं आणि मांजराची वाटी कोरडी, त्यामुळं लघवी घट्ट. त्यात घरच्यांनी झाडू उगारला की ताण अजून वाढला. शिवाय मांजराच्या डोक्यात बसतं की ह्या डब्यात गेलं की दुखतं, मग ते मऊ जागा शोधतं, टॉवेल, चादर, गादी.

हा झटका बऱ्याचदा आठवड्याभरात आपोआप ओसरतो, आणि सगळा घोटाळा तिथंच. त्या आठवड्यात कुणी दृष्ट काढलेली असते, कुणी गळ्यात काळा दोरा बांधलेला असतो, कुणी महागडं ‘शांत करणारं’ औषध आणलेलं असतं, आणि श्रेय त्यालाच मिळतं. ताण तसाच राहतो म्हणून बऱ्याचदा ते परत येतं. एक गोष्ट मात्र ओसरायची वाट बघायची नाही, बोका जोर लावतोय आणि थेंबही येत नाही म्हणजे मूत्रमार्ग तुंबलाय, त्याच दिवशी डॉक्टर, नाहीतर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

बाकी घरात करायचं ते सोपं आहे. जेवढी मांजरं त्याहून एक डबा जास्त, त्यात बारीक वाळू, माग आणि मिक्सरपासून लांब, घाण रोज काढायची. पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी, उंचावर बसायला फळी, लपायला खोका, खाण्याची वेळ ठरलेली. आणि फरशी फिनाईलनं पुसू नका, फिनॉल पचवणारं एक एन्झाईम आपल्या यकृतात असतं, मांजरात त्याचं जनुकच निकामी झालंय, ते पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. एन्झाईमवाली कपड्याची पावडर वापरा, आणि पुसलेली जागा वाळेपर्यंत मांजर तिथं फिरकू देऊ नका.

हे सगळं दोन-तीन महिने मनापासून करूनही थांबलं नाही तर देण्यात काही पाप नाही, हे मी स्पष्ट सांगतो. घरातलं दुसरं मांजर वाट अडवून बसत असेल, किंवा खालचे माग हलवता येणारच नसतील, किंवा घरातल्या माणसाचा हात आता उठायलाच लागला असेल, तर ताणाचं मूळ तुमचं घर आहे, आणि शांत, बिनमांजराच्या घरात त्याला बरं वाटायची शक्यता जास्त. पण घरात कुणी गरोदर आहे म्हणून घाईनं देऊ नका, भीती असते ती पोटातल्या बाळाला बाधणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा ह्या परजीवीची, पण त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी धोकादायक होतात, दुसऱ्या कुणी डबा रोज साफ केला तर ते निभावतं.

पोत्यात घालून होटगी रोडला सोडून येणं म्हणजे देणं नव्हे. उपासमार होईल अशा जागी विनाकारण जनावर टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि तिथं आधीच्या बोक्यांच्या हद्दीत पाळीव मांजराचा टिकाव लागत नाही.

देताना घेणाऱ्याला मुताचं खरंखरं सांगा, लपवलंत तर ते मांजर तिसऱ्या, चौथ्या घरी फिरत राहतं आणि प्रत्येक ठिकाणी तोच ताण नव्यानं. त्याच्यासोबत त्याचं न धुतलेलं फडकं आणि डब्यातली थोडी जुनी वाळू द्या, सुरुवातीचे दिवस एकाच खोलीत ठेवायला सांगा. लपून बसलं तर ओढून काढू नका. पण दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर गाठा, उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते, आणि लठ्ठ मांजरात ते फार झपाट्यानं होतं.