बाटलीतलं झाड: कधी घाई, कधी ब्रेक

खायच्या केळ्यात बी नसतं, त्यामुळे केळीचं नवीन झाड हवं तर जुन्या झाडाच्या बुडाशी आलेला मुनवा काढून लावायचा, हाच पूर्वापार मार्ग. पण एक झाड मुनवे देऊन देऊन देणार किती? शिवाय मुनव्यासोबत मातीतले सूत्रकृमी (बारीक जंत) आणि आईच्या अंगातले व्हायरस फुकटात येतात ते वेगळंच. टिश्यू कल्चर, म्हणजे झाडाच्या ऊतीचा (टिश्यूचा) छोटासा तुकडा बाटलीत वाढवून त्यापासून रोपं करणं, कामाला येतं ते इथे.

मूळ कल्पना जुनी आहे. 1902 मध्ये हाबरलांट नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने म्हटलं की झाडाच्या एका सुट्या पेशीतूनही अख्खं झाड उभं राहायला हवं, आणि त्याने पानांच्या पेशी वेगळ्या काढून वाढवून बघितल्या. पेशी जगल्या, थोड्या फुगल्यासुद्धा, पण एकही पेशी दुभंगली नाही. डोकं बरोबर चाललं होतं, हातात पेशींची वाढ घडवणारे हार्मोन नव्हते, कारण तेव्हा ते कोणाला माहीतच नव्हते.

हार्मोनची गोष्ट मला फार आवडते. 1950 च्या दशकात अमेरिकेत स्कूग आणि मिलर तंबाखूच्या पेशींवर काम करत होते आणि हेरिंग माशाच्या शुक्राणूंमधला जुना, पडून राहिलेला डीएनए घातला तर पेशी धडाधड वाढायच्या, ताजा घातला तर काहीच नाही. मग ताजा डीएनए ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रेशर कुकरसारख्या यंत्रात, शिजवून बघितला आणि तोही चालायला लागला! त्या मोडलेल्या डीएनएमधून जे सापडलं ते कायनेटिन, म्हणजे सायटोकायनिन नावाच्या गटातला एक वाढीचा हार्मोन. 1957 मध्ये त्यांनी दाखवलं की सगळा खेळ प्रमाणाचा आहे: सायटोकायनिन जास्त तर कोंब फुटतात, ऑक्सिन हा दुसरा हार्मोन जास्त तर मुळं येतात, आणि दोन्ही बेताचे असले की नुसता पेशींचा आकारहीन गोळा वाढत राहतो, त्याला कॅलस म्हणतात.

आता प्रत्यक्ष काम काय, तर शेंड्याचा किंवा डोळ्याचा (कोंब फुटायच्या जागेचा) तुकडा घ्यायचा, ब्लीचसारख्या द्रावणात धुवायचा आणि साखर, क्षार, व्हिटॅमिन, हार्मोन घातलेल्या अगारच्या जेलीवर ठेवायचा. साखर यासाठी की बाटलीतला तुकडा स्वतःचं पोट नीट भरू शकत नाही. पण तीच साखर बुरशीलाही आवडते, त्यामुळे ही जेली (मीडिया) 121 अंशांवर निर्जंतुक करा, गाळलेल्या हवेच्या झोतात बसून काम करा, एवढं करूनही चार दिवसांनी बाटलीत पांढरा कापूस दिसला की ती बाटली गेली. कोंब फुटले की ते वेगळे करून पुन्हा नव्या जेलीवर, म्हणजे एकाचे चार, चाराचे सोळा. शेवटी मुळं आणायची आणि रोप बाहेर काढायचं, आणि बरीच रोपं मरतात ती इथेच. बाटलीत हवा इतकी दमट असते की पानावर मेणाचा थर धड बनत नाही, पानांची छिद्रं नीट मिटत नाहीत, एकदम उन्हात नेलं की रोप तासाभरात माना टाकतं. म्हणून हळूहळू सवय लावतात, ते हार्डनिंग.

आणि टिश्यू कल्चरचं रोप म्हणजे आपोआप रोगमुक्त, हा समज चुकीचा आहे. शेंड्याच्या अगदी टोकाला, मिलिमीटरपेक्षाही लहान भागात, व्हायरस बरेचदा पोचलेला नसतो, आणि तेवढंच टोक कापून मोरेल आणि मार्टिन यांनी 1952 मध्ये फ्रान्समध्ये आजारी डेलियापासून निरोगी रोपं काढली. पण तुकडा मोठा घेतला आणि तपासणी केली नाही तर तुम्ही व्हायरसच्याच कॉप्या काढताय. तसंच कॅलसमधून काढलेली रोपं कधीकधी आईसारखी निघत नाहीत. ऑइल पामच्या क्लोनमध्ये काही झाडांची फुलं-फळंच बिघडलेली निघाली आणि ते कळलं झाडं मोठी झाल्यावर!

वाण जपून ठेवायचे असतात तिथे मात्र गंमत उलटी होते, वाढ रोखायची असते. बेल्जियममधल्या लूवेन इथे केळीच्या 1500 पेक्षा जास्त नमुन्यांचा संग्रह आहे, कारण बी नसलेलं पीक बियांच्या बँकेत ठेवणार कसं. त्यातली रोपं नळ्यांमध्ये 16 अंशांच्या आसपास, मंद उजेडात ठेवतात म्हणजे ती रेंगाळत वाढतात आणि जेली सारखी बदलावी लागत नाही. त्याहून पक्कं करायचं तर शेंड्याचं टोक उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवायचं, पण आधी पेशीतलं पाणी कमी करून, नाहीतर बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. आंबा, फणस, कोको यांच्या बिया वाळवल्या की मरतात, त्यामुळे त्यांनाही असलेच उपाय शोधावे लागतात.

थंडीत ऊती किती टिकू शकतात? 2012 मध्ये जाहीर झालेल्या एका प्रयोगात रशियन शास्त्रज्ञांनी सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीतून काढलेली, खारींच्या बिळात साठवलेली सुमारे 32000 वर्षं जुनी फळं वापरली. सिलेन स्टेनोफिला नावाच्या छोट्या फुलझाडाची. त्यांनी फळाच्या आतल्या ऊतीचा तुकडा अगारवर ठेवला, कोंब फुटले, मुळं आली, रोपं कुंडीत गेली, पांढरी फुलं लागली आणि त्या फुलांपासून धरलेलं बी रुजलंसुद्धा.