विडालचा आकडा आणि रक्तात उरलेला जुना ताप

सोलापुरात ताप चार दिवसांत उतरला नाही की घरचे लॅब गाठतात आणि संध्याकाळी ‘टायफॉइड निघाला’ म्हणत परततात. विडाल चाचणीच्या रिपोर्टवर ओ १:१६०, एच १:३२० असं काहीतरी असतं. ओ आणि एच या टायफॉइडच्या जंतूविरुद्धच्या दोन प्रकारच्या अँटीबॉडी; १:१६० म्हणजे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, इतकं पातळ करूनही चाचणी पॉझिटिव्ह. हा आकडा आजच्या तापाचा की दोन-तीन वर्षांपूर्वीच्या, हे एकट्या रिपोर्टवरून कळत नाही.

ही चाचणी १८९६ सालची. मुदतीच्या तापातल्या रुग्णाचं सीरम टायफॉइडच्या जंतूंत मिसळलं की जंतूंच्या गुठळ्या होतात, हे पॅरिसमध्ये फर्नां विडाल यांनी दाखवलं. त्याच सुमारास टायफॉइडची लसही आली, आणि लष्करात लसीकरण वाढलं तशी अडचण उघडी पडली: लस टोचलेल्या धडधाकट सैनिकाच्या सीरमनेही गुठळ्या होऊ लागल्या. चाचणी अँटीबॉडी ओळखते, ती कशामुळे तयार झाली हे ओळखत नाही.

ओ अँटीबॉडी त्या मानाने लवकर ओसरतात, एच मात्र दीर्घकाळ टिकतात. त्यात शरीराची स्मरणशक्ती भर घालते. पूर्वी टायफॉइड होऊन गेलेल्याला मलेरिया किंवा दुसराच ताप आला, तरी अँटीबॉडी बनवणाऱ्या जुन्या पेशी जाग्या होतात आणि एच वर सरकतो. म्हणून एकटा वाढलेला एच पाहून गोळ्या सुरू करणं चुकीचं. हल्लीच्या व्हीआय लसीने (जंतूच्या फक्त बाहेरच्या आवरणापासून केलेल्या) ओ-एच वाढत नाहीत, जुन्या मृतजंतू लसीने वाढत.

स्लाइडवर ८०, ४०, २०, १० आणि ५ मायक्रोलीटर सीरम घेतात. ते अनुक्रमे १:२० ते १:३२० ठरतं. प्रत्येकात अँटिजेनचा, म्हणजे चाचणीसाठी तयार केलेल्या मृत जंतूंच्या द्रावणाचा, एक थेंब टाकून मिनिटभर फिरवायचं आणि लगेच वाचायचं. रेंगाळलं की थेंब कडेने सुकतो आणि नसलेल्या गुठळ्या दिसतात. ही चूक फार होते.

खात्री हवी तर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) घ्यावं, मोठ्या माणसात ८ ते १० मिली रक्त; पहिल्या आठवड्यात जंतू सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त. ते जमलं नाही तर ७ ते १० दिवसांच्या अंतराने दोन नमुने, एकाच लॅबमध्ये. आकडा चौपट चढला तर त्याला अर्थ. अँटिबायोटिक लवकर सुरू झालं असेल तर मात्र खरा टायफॉइड असूनही तो चढत नाही.

डेंग्यूतही जुन्या संसर्गाचा हाच घोळ, फक्त उलट्या बाजूने. सोलापुरात पाणी काही दिवसांआड येतं, घरोघरी बॅरल भरलेले, त्यामुळे दुसऱ्यांदा डेंग्यू होणारे इथे असणारच. अशा रुग्णात आयजीजी (संसर्गानंतर दीर्घकाळ टिकणारी अँटीबॉडी) झपाट्याने वाढतं, आयजीएम (ताज्या संसर्गाची खूण मानली जाणारी अँटीबॉडी) कमी राहतं, कधी दिसतही नाही. एनएस१, म्हणजे डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी, सुद्धा लवकर निगेटिव्ह होऊ शकतं. आयजीएम निगेटिव्ह आलं म्हणून डेंग्यू नाही असं धरलं, तर ज्याला जास्त धोका तोच रुग्ण घरी पाठवला जातो.

लॅबच्या फॉर्मवर तापाचा कितवा दिवस, आधीचा टायफॉइड किंवा डेंग्यू, घेतलेली लस आणि सुरू असलेल्या गोळ्या एवढं तरी लिहून द्यावं.