बाळंतशोपा, पुदिना आणि वास घडवणारी विकरं

बाळंतशोपा दाताखाली आल्या की ऊनसर वास येतो. चटणीसाठी पुदिना खुडला की गार वास येतो. दोन्हींतला मुख्य रेणू मात्र एकच, कार्व्होन. फक्त ही त्याची दोन रूपं डाव्या-उजव्या हातासारखी एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं आहेत. त्यांतला फरक आपल्या नाकाला खरोखरच कळतो, हे १९७१ मध्ये पक्कं झालं. पण झाड त्यातलं नेमकं एकच रूप कसं घडवतं?

या रेणूंच्या कुळाला टर्पीन म्हणतात. नाव टर्पेंटाइनवरून आलेलं. एकोणिसाव्या शतकात या विषयात नुसता गोंधळ होता. एकच पदार्थ वेगवेगळ्या तेलांतून निघे आणि दर वेळी त्याचं नवं बारसं होई. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ केकुले यांच्या कपाटात अशा सुगंधी तेलांच्या बाटल्या तशाच पडून होत्या. ऑटो वालाख यांनी त्या मागून घेतल्या आणि वर्षानुवर्षं खपून एकेक रेणू ओळखून काढला. पाच कार्बनांच्या आयसोप्रीनचे तुकडे जोडून टर्पिनं बनतात, असं त्यांनी १८८७ मध्ये मांडलं. १९१० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सुख देव यांनी टर्पिनांवर केलेलं मोलाचं संशोधन याच वाटेवरचं.

हे झालं तेलाचं रसायन. झाडाच्या आत काय चालतं, ते कळायला विकरांपर्यंत, म्हणजे एन्झाइमपर्यंत, पोचावं लागलं.

पुदिन्याचं पान उलटं करून भिंगाखाली धरा. बारीक चकाकणारे ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. वर पातळ पापुद्रा, बोट घासलं की फुटणारा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात रॉडनी क्रोटो यांच्या गटाने या ग्रंथींचाच पिच्छा पुरवला आणि १९९३ मध्ये लिमोनीन, म्हणजे कार्व्होनच्या आधीचा रेणू, घडवणाऱ्या विकराचं जनुक हाती आलं. दहा कार्बनांची लवचीक साखळी या विकराच्या खोबणीत शिरते, तिच्या टोकाचा फॉस्फेटचा गट सुटतो आणि ती वळून कडं बनते. ती कोणत्या अंगाने वळायची, हे खोबणीच्या आकारावर ठरतं. पुदिन्यात डावं लिमोनीन बनतं, बाळंतशोपांत उजवं. पुढे त्याचंच कार्व्होन होतं. दोन वासांची वाट फुटते ती इथेच.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो पेपरमिंटचा, म्हणजे पुदिन्याच्याच एका भावंडाचा किस्सा. त्यातही लिमोनीन डावंच. पण पुढचं विकर ऑक्सिजन दुसऱ्याच कार्बनावर बसवतं, आणि कार्व्होनऐवजी शेवटी मेंथॉल मिळतं. २००० मध्ये याच गटाने पुदिन्याच्या ऑक्सिजन बसवणाऱ्या विकरातलं एक अमिनो आम्ल बदलून पाहिलं. सुमारे ५०० मधलं फक्त एक. विकर पेपरमिंटच्या विकरासारखं वागू लागलं.